वडाप शिकवायचं राहिलं

बातमी आली त्या दिवशी माझ्या क्लासमध्ये नव्या बॅचचा पहिला तास चालू होता. बारामतीत भिगवण रस्त्यावर, कापडाच्या दुकानाच्या वर, माझा संगणकाचा क्लास आहे. खालच्या एसटीडी बूथवरचा माणूस जिना चढून आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, इंदापूरकडनं फोन हाय. माणिकतात्या गेले म्हनत्यात." मी खाली धावले तोवर फोन तुटला होता. पुन्हा लावून विचारावं असं काही उरलंही नव्हतं. सकाळचा चहा घेऊन ते पाण्याकडं तोंड करून ओट्यावर बसले होते आणि बसल्या जागीच गेले, हे नंतर कळलं. मी वर आले, मुलांना म्हटलं, आज एवढंच, उद्या या. मग खिडकीजवळच्या त्या जुन्या यंत्रासमोर जाऊन बसले... ते आता विद्यार्थ्यांच्या उपयोगाचं राहिलेलं नाही, पण मी काढून टाकलेलं नाही. या गोष्टीला महिना होऊन गेला. डोळे भरून येतात, नाही असं नाही. पण खरं सांगू का, तात्या आठवले की मला आधी हसू येतं, आणि याची मला मुळीच लाज वाटत नाही.

ते पहिल्यांदा क्लासवर आले ते नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, हातात कापडी पिशवी. मी समजले, नातवाची चौकशी करायला आलेत. "कितवीत आहे?" असं विचारलं, तर म्हणाले, "कोन? मी? माजंच नाव घालायचंय." फी भरली, पावती घेतली आणि मग हळूच मूळ मुद्द्यावर आले. यातलं एखादं यंत्र शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत रिकामं असतं का? मी म्हटलं, असतं, पण तेव्हा क्लासही बंद असतो. ते म्हणाले, मला बसायचं नाही, त्याला बसवायचंय. मला काही कळलं नाही. समोरचा माणूस जरा हललेला आहे की काय, अशी शंकाही आली. पण त्यांच्या बोलण्यात इतकी अदब होती की नाही म्हणवेना. तेव्हापासून ते मला शेवटपर्यंत 'बाई' म्हणत आले, कारण फी भरली म्हणजे मी त्यांची शिक्षिका. त्यांना शिकवण्यासारखं माझ्याजवळ काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

तात्या म्हणजे माणिक कोकरे. घराणं मेंढरं राखणारं. वडील कळप घेऊन गावोगाव फिरायचे आणि हा मुलगा शाळेत हुशार निघाला म्हणून त्याला इंदापूरला मास्तरांकडं ठेवलं. तिथून तो शिकत शिकत पार पूर्व किनाऱ्यावर पोचला, जहाजांच्या आकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेत. तिथं लांबच लांब हौद असतो, त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढत नेतात आणि पाणी त्यांना किती अडवतं ते मोजतात. आयुष्यभर त्यांनी तेच केलं. इकडं दरम्यान उजनीचं धरण झालं, त्यांचं गाव पाण्याखाली गेलं आणि वरच्या माळावर नवं गाव वसलं. निवृत्त होऊन ते परत आले तेव्हा बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या गावात, धरणामागं साचलेल्या पाण्याच्या म्हणजे फुगवट्याच्या काठावर, त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. जहाजांत जन्म घालवलेल्या माणसाला दाराशीच पाणी मिळालं, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

त्या शनिवारी-रविवारी माझ्या यंत्राला ते काय शिकवत होते हे मला समजायला दोन-तीन महिने लागले. जहाज पाणी बाजूला सारत चालतं आणि त्या सारण्यातच बहुतेक सगळं इंधन जळतं, एवढं त्यांनी आधी डोक्यात बसवलं. आकार नीट बसला तर तेच जहाज तेवढंच ओझं घेऊन बरंच कमी तेल पितं. पण आकार हजारो असू शकतात आणि प्रत्येकाची प्रतिकृती करून हौदात ओढायची तर पिढ्या जातील. म्हणून तात्यांच्या मनात असं होतं की जुन्या, छापून आलेल्या चाचण्यांतले आकार आणि त्यांना पाण्यानं केलेला अडथळा संगणकाला दाखवत जायचं. त्याला नियम सांगायचाच नाही. त्यानं अंदाज करायचा, चुकायचं, किती चुकला ते त्याला सांगायचं, की तो स्वतःला थोडा सुधारतो. असं पुन्हा पुन्हा. "आमचा बा मेंढरू बघून सांगायचा, हे पावसाळा काढंल का न्हाय. त्याला कुनी नियम सांगितला न्हवता. लई मेंढरं बघितली, एवढंच." संस्थेत त्यांनी हे वरिष्ठांना सांगून पाहिलं होतं. तिथं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. यंत्रानं काढलेल्या आकारावर कोण पोलाद खर्च करणार, असं त्यांचं म्हणणं. तात्यांना त्याचा राग नव्हता. "एकदा तरी तसली एक बोट पान्यावर चालताना बघायची हुती," एवढंच म्हणायचे.

तर ते यंत्र शिकत बसायचं. त्यावर तात्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली होती, 'हा शिकत आहे, त्रास देऊ नये.' सोमवारी सकाळी त्याचं शिकणं संपलेलं नसलं की माझी पोरं कुरकुरायची, मॅडम, शिकायला तर आम्हीपण आलोय. त्यात भारनियमन. वीज गेली की दीड दिवसाचं शिकणं एका क्षणात पुसलं जायचं. तात्या यायचे, काळा पडदा बघायचे आणि "इसरला गडी सगळं" म्हणून पुन्हा सुरुवात करायचे. पुढं त्यांनी ते थोड्या-थोड्या वेळानं फ्लॉपीवर उतरवून ठेवायची सोय केली. माझे यजमान एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतात. त्यांनी आधी या प्रकाराची यथेच्छ चेष्टा केली आणि नंतर रविवारी जेवण झालं की तेच मला म्हणायला लागले, चल, बघून येऊ, तात्यांचा विद्यार्थी कुठवर आला.

हे सगळं हौसेचंच राहिलं असतं. पण तात्यांच्या गावाहून पलीकडच्या काठाला एक लाँच चालायची. ती रंगानाना भोयांची. पलीकडच्या काठावर तात्यांची थोरली बहीण दिली होती, सगळे तिला आक्का म्हणायचे. धरणाआधी नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार होता, आक्का पदर खोचून तासाभरात माहेरी यायची. आता तिथं नजर पोचत नाही एवढं पाणी. रस्त्यानं यायचं तर सगळा वळसा घालून, गाड्या बदलत, दिवस मोडायचा. सत्तरी ओलांडलेल्या आक्काला ते जमणार नव्हतं. एके दिवशी रंगानानांनी सांगून टाकलं की लाँच डिझेल पिते, पाणी उतरेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत चालवीन, पुढं बंद. त्या आठवड्यात तात्या क्लासवर आले तेव्हा त्यांनी यंत्र चालूच केलं नाही. नुसते त्याच्यासमोर बसले. मग म्हणाले, "बाई, आक्का मला भाकरी घिऊन येती दर सोमवारी. ती लाँच बंद पडली तर आमी दोघं दोन काठांवरच म्हातारी हुनार."

मग मात्र काम निकरानं चाललं. यंत्राला मोठ्या जहाजांऐवजी लहान बोटींचे आकार दाखवले, फुगवट्याच्या पाण्याची, नानांच्या इंजिनाची मापं दिली आणि त्याच्याकडून एक आकार काढून घेतला. निमुळता, देखणा, समोरून पाहिला तर पाण्यात सुरी फिरवावी तसा. नानांना तो पटवायला तात्यांना फार बोलावं लागलं नाही, कारण जुन्या लाँचचा पत्रा तसाही गंजला होता. एमआयडीसीत उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपनं नवी लाँच बांधली. ट्रॉलीवर घालून ती काठावर नेली, नारळ फोडला, गुलाल उधळला. मीही गेले होते. रिकामी लाँच नानांनी एक गिरकी मारून आणली, ती इतकी सहज गेली की तात्यांनी टोपी काढून हातात धरली. मग माणसं चढली. आणि निम्म्या पाण्यात पोचतो न पोचतो तोच लाँचनं नाक खाली घातलं. इंजिन ओरडायला लागलं, पुढून पाणी आत आलं, एकीचं पिठाचं पोतं भिजलं. जुनीपेक्षा उशिरा पोचलो आणि जुनीपेक्षा जास्त डिझेल जाळून पोचलो. नाना भला माणूस. ते एवढंच म्हणाले की नवीन हाय, रुळंल. आक्का तसलं काही मानणारी नव्हती. "माणक्या, ही नाक खुपसून चालतीया," ती म्हणाली.

तात्यांना कारण तिथल्या तिथं दिसलं होतं. सगळीच्या सगळी माणसं लाँचच्या पुढच्या टोकाला दाटीवाटीनं उभी होती, दुधाचे कॅनसुद्धा पुढंच, आणि मागच्या बाकांवर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी रंगवून आणली, 'पुढे गर्दी करू नये.' ती पुढच्या कठड्याला टांगली. माणसं त्या पाटीला रेलून उभी राहायला लागली. मग त्यांनी एकेकाला समजावलं, हात धरून मागं बसवलं, आणि पलीकडचा काठ दिसायला लागला की सगळे उठून पुन्हा पुढं. पाच-सहा दिवस हा खेळ चालला. शेवटी ते आक्कावरच चिडले. तुझं वय काय, तू तरी मध्ये बसत जा. त्या दिवशी मीही लाँचवर होते, त्यामुळं आक्कानं जे उत्तर दिलं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"आन् वडाप काय आपला बा थांबवून धरनार हाय?"

पलीकडच्या काठावर वडाप म्हणून एकच जीप उभी असायची. तिच्यात जितकी माणसं कोंबतील तितकी कोंबायची आणि निघायचं. जो आधी उतरेल त्याला जागा, बाकीच्यांनी उन्हात चालायचं. अलीकडच्या काठावर तसाच दुधाचा टेम्पो. म्हणून माणसं पुढं, म्हणून कॅन पुढं. यात कुणाचा आडमुठेपणा नव्हता, उलट जो तो आपल्या परीनं शहाणाच वागत होता. आक्काचं बोलणं ऐकून तात्यांनी कठड्यावरची ती पाटी काढून काखेत घातली. मी म्हटलं, आता म्हातारा खचतो. दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधी ते जिन्यात बसलेले. मला बघून उठले आणि अगदी प्रसन्न हसले.

"बाई, चूक त्या गड्याची न्हाय आन् मानसांचीबी न्हाय. त्याला मी सगळं शिकीवलं, वडाप शिकवायचं राहिलं."

संस्थेच्या हौदात प्रतिकृती नेहमी समतोल ठेवून ओढतात. पुस्तकातल्या सगळ्या चाचण्या तशाच. त्यामुळं यंत्राला वाटत होतं की बोट म्हणजे ओझं सारखं वाटून चाललेली वस्तू. पुढं दाटून उभी राहिलेली माणसं त्यानं बिचाऱ्यानं कधी पाहिलीच नव्हती. आता तशा चाचण्या कुठून आणायच्या? जगातल्या कुठल्याच पुस्तकात त्या नव्हत्या. तात्यांनी त्या स्वतः करायचं ठरवलं, आणि हौद म्हणून त्यांना दिसला आपल्या बारामतीचा नीरा डावा कालवा. बोट ओढायची गरजच नाही, पाणीच वाहतंय. पायपुलावरून दोरीनं होडी धरायची, दोरीला किराण्याच्या दुकानातला स्प्रिंगचा लहान काटा लावायचा, वाळलेलं पान सोडून पाण्याचा वेग बघायचा. फक्त कालव्याला पाणी हवं. ते आवर्तन असलं, म्हणजे धरणातून पाळीचं पाणी सोडलं तरच, आणि त्या वर्षी आवर्तन पुढं पुढं ढकललं जात होतं. इकडं फुगवट्याचं पाणी उतरायला लागलेलं. तात्या रोज कालव्यात डोकावून यायचे आणि दिवसभर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या होड्या तासत बसायचे. हातभर लांबीच्या, प्रत्येकीचा आकार वेगळा. माझ्या क्लासमध्ये लाकडाचा भुसा इतका झाला की मीच एकदा वैतागून त्यांना झाडू दिला. त्यांनी तो घेतला आणि निमूटपणे झाडलं.

अखेर पाणी सुटलं. आम्ही तिघं पायपुलावर. यजमान दोरी धरणार, मी काटा वाचणार आणि तात्या होडीत खडे ठेवणार. प्रत्येक खड्याला त्यांनी माणूस नेमून दिला होता. हा सरपंच, हा दूधवाला, हा त्याचा कॅन. सगळ्यांत मोठा खडा आक्का, आणि तो नेहमी अगदी टोकाला. कालव्याकडेच्या शेतातली माणसं येऊन बघत उभी राहायची. एकानं विचारलं, काय मासं धरताय का? तात्या म्हणाले, नाही, वडाप धरतोय. आवर्तन संपेस्तोवर आमचं हेच चाललं, उन्हानं माझे हात काळे पडले आणि यजमानांनी कारखान्यातली सगळी रजा त्यात घालवली. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका कामात इतके रमलो होतो असं दुसरं काही मला आठवत नाही. ते आकडे मग यंत्रात गेले. 'हा शिकत आहे' पाटी पुन्हा लागली, आणि यंत्रानं दुसरा आकार काढला.

तो आकार बघून मला वाईट वाटलं. पहिल्याचं देखणेपण त्यात नावालाही नव्हतं. पुढं रुंद, फुगीर, आणि मागं निमुळता होत गेलेला, म्हणजे सगळंच उलटं. वर्कशॉपमधल्या पोरांनी लाँचचा पुढचा भाग कापून नवा जोडला खरा, पण जोडताना विचारलंच की तात्या, कागद उलटा तर धरला नाही ना? तात्या स्वतःही मनातून धास्तावले होते, हे मला त्यांच्या चहावरून कळायचं. एरवी बशीत ओतून फुंकर मारत प्यायचे, त्या दिवसांत कप तसाच थंड व्हायचा. पाणी आणखी खाली गेलं असतं तर काठाला चिखल झाला असता आणि लाँच लावायला जागा उरली नसती. दुसरी फेरी अगदी त्याच्या तोंडावर झाली. रिकामी लाँच नानांनी फिरवून बघितली तर ती तोंड वर करून, मागं बसून, फुरंगटल्यासारखी चालली. नानांचा चेहरा उतरला. तात्या म्हणाले, मानसं घ्या. माणसं चढली आणि सवयीनं सगळी पुढं गेली, आक्का सगळ्यांच्या पुढं. तशी लाँच हळूहळू सपाट झाली, पाणी दोन्ही बाजूंना गुपचूप सरकलं आणि इंजिनाचा आवाज असा खाली आला की पुढं उभे असलेले दोघं काय बोलताहेत ते मागं ऐकू यायला लागलं. पलीकडं पोचल्यावर नानांनी टाकीत काठी घालून बघितली, पुसून पुन्हा घालून बघितली. मग तात्यांच्या पायाला हात लावायला वाकले. तात्या मागं सरले आणि म्हणाले, मला नको, आक्काला लाव.

पुढची वर्षं फार सुखाची गेली. लाँच चालत राहिली, दर सोमवारी आक्का भाकरी घेऊन येत राहिली. संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यांना तात्यांनी कळवलं असेल-नसेल, मी विचारलं नाही. मोठ्या जहाजांवर त्यांची ही युक्ती कधी चालेल का, असं मात्र एकदा विचारलं होतं. चालेल की, म्हणाले, पण त्यांनाही आधी त्यांचं वडाप शोधावं लागेल... समुद्रात जहाज कागदावरच्यासारखं थोडंच चालतं, कधी अर्धं भरलेलं असतं, कधी घाईत असतं, कधी बंदराबाहेर ताटकळत उभं असतं. शेवटची भेट झाली ती गेल्या दिवाळीनंतर. आम्ही दोघं त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. ओट्यावर बसून ते लाँच येताना बघत होते आणि ती काठाला लागल्यावर माणसं उड्या टाकत इकडच्या दुधाच्या टेम्पोकडं पळाली, तेव्हा हा माणूस पोट धरून हसला. "बघा की बाई, अजून कुनी सुदारलं न्हाय," म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की तो माझ्या कानात अजून तसाच आहे.

दहाव्याला आम्ही गेलो. पाण्याकाठी विधी झाले, कावळा लगेच शिवला. संध्याकाळी आक्काला पोचवायला आम्हीही लाँचवर चढलो. पलीकडून आलेली सगळी माणसं त्याच फेरीनं परत निघाली होती. पण त्या दिवशी कुणाला घाई नव्हती. वडापवाला स्वतःच दहाव्याला आलेला, तो आमच्यातच बसला होता. माणसं माना खाली घालून जागा मिळेल तिथं मागच्या बाकांवर बसली. आक्का माझ्या शेजारी, तीही मागंच. पुढं कुणी म्हणजे कुणी नाही. लाँच निघाली आणि तोंड वर करून, मागं बसून, ती पूर्वीसारखी फुरंगटली. इंजिन कण्हायला लागलं. नानांनी सुकाणूवरून दोनदा मागं वळून बघितलं, पण अशा वेळी माणसांना काय सांगणार...

आक्कानं मान वर केली. इंजिनाचा आवाज ऐकला. मग माझ्या खांद्याला धरून ती उठली. "चला म्होरं," ती म्हणाली. "त्यानं ही आपल्यासाटनं बांधलीया." आणि बाकांना धरत धरत ती टोकाला जाऊन उभी राहिली, त्या मोठ्या खड्याच्या जागी. एकेक करून सगळे उठले. वडापवालाही उठला, मी आणि यजमानही गेलो. आम्ही सगळे पुढं दाटीनं उभे राहिलो आणि लाँचनं आपलं तोंड सावकाश खाली आणलं, सपाट झाली, आणि नानांच्या इंजिनाचा आवाज उतरला. आता पाणी दोन्ही बाजूंनी सरत असलेलं ऐकू येत होतं.